मे महिन्यात बाहेर २६ अंश दाखवणारी गाडी आणि कोराडी रोडवरचा ऑटो इलेक्ट्रिशियन

गाडीच्या डॅशबोर्डवर बाहेरचं तापमान चुकीचं येत असेल आणि सर्व्हिस सेंटरवाले "मॅडम, दोन-चार डिग्री इकडे-तिकडे चालतं" म्हणून परत पाठवत असतील, तर नागपुरात मानकापूर चौक ओलांडून कोराडी रोडला लागा. पुढे रसवंतीला लागून पत्र्याचं एक शेड आहे. पाटीवर दुकानाचं नाव नाही, 'सेल्फ, डायनेमो, वायरिंग, एसी' एवढंच रंगवलेलं आहे. तिथल्या इलेक्ट्रिशियनने माझ्या गाडीचा जो बिघाड शोधला, तो मोठ्या वर्कशॉपमध्ये कुणालाच सापडला नव्हता. आणि त्याने तो मोजून शोधला, अंदाजाने नाही. रिव्ह्यू त्याच्या कामाचा आहे, पण बिघाड काय होता तेही सविस्तर लिहिते आहे. आपल्याकडे हा आकडा फक्त बघण्यापुरता नसतो, ऑटोमॅटिक एसी असलेल्या गाडीत पूर्ण एसी त्याच्या भरवशावर चालतो.

मी घरून केक करते. लग्नाचे, वाढदिवसाचे, दोन-तीन थरांचे. डिलिव्हरी स्वतः करते, कारण असा केक दुसऱ्या कुणाच्या हाती देववत नाही. घर त्रिमूर्ती नगरला आणि ऑर्डरी कामठीपासून बुटीबोरीपर्यंत. लोणी ३२ ते ३५ अंशांच्या दरम्यान वितळतं, आणि बटरक्रीम त्याच्या कितीतरी आधी सैल पडायला लागतं. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, भर दुपारी गाडीतला एसी दहा मिनिटं बंद पडला तर आदल्या रात्रीपासूनची मेहनत डब्यात बसते. म्हणून मी डॅशबोर्डवरच्या त्या कोपऱ्यातल्या आकड्याकडे इतरांपेक्षा जास्त लक्ष देते.

गाडी डिझेल सेडान आहे, जुनी, वॉरंटी कधीच संपलेली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता. यंदाच्या मे महिन्यात वर्धा रोडला ऐन दुपारी, बाहेर ४२ अंश असताना, गाडी २६ दाखवायची. सिग्नलला उभी राहिले की आकडा हळूहळू चढत ३७-३८ पर्यंत जायचा, म्हणजे जरा पटण्यासारखा व्हायचा. पुन्हा रस्ता मोकळा मिळाला की खाली. हिंगणा रोडच्या खड्ड्यांत तर कधी कधी एकदम उणे ४० आणि सोबत बर्फाचं चिन्ह, रस्ता निसरडा असू शकतो असा इशारा. त्याच क्षणी एसीची हवा कोमट. थोड्या वेळाने आपोआप सगळं ठीक.

तो इशारा बहुतेक गाड्यांत बाहेरचं तापमान ३-४ अंशांच्या खाली गेलं की येतो. नागपूरचं आजवरचं सगळ्यात कमी नोंदलेलं तापमान ३.५ अंश, २९ डिसेंबर २०१८ चं. म्हणजे आपल्या शहरात हे चिन्ह जन्मात एखाद्या वेळी दिसलं तर दिसावं, आणि मला ते मे महिन्यात दिसत होतं.

एसी का बंद पडायचा, हे मला नंतर समजलं. बाहेर कडाक्याची थंडी आहे असं गाडीला वाटलं की कंप्रेसर लावायचाच नाही, अशी सोय बहुतेक ऑटोमॅटिक एसीत असते. आणि बर्फाइतकी थंडी नसली तरी बाहेर २६ आहे असं समजून गाडी पंख्याचा जोर आणि हवेचा गारवा दोन्ही बेताने ठेवते. २२ वर सेट केलेली गाडी ४२ च्या उन्हात गार का होत नाही, याचं उत्तर त्या २६ मध्ये होतं. गॅस कमी असण्याशी त्याचा संबंध नव्हता.

आधी मी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला गेले, त्याचंही नाव नको. ॲडव्हायझरने टॅबवर तक्रार लिहिली आणि पहिल्यांदा 'नॉर्मल आहे' म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या वेळी एसी कमी पडतो म्हणून गॅस काढून नवा भरला आणि ३,२०० रुपये घेतले. काढलेल्या गॅसचं वजन त्यांच्याच मशीनच्या पावतीवर छापलेलं होतं आणि ते जवळपास पूर्ण होतं. गॅस कमी नव्हताच. त्यानंतर 'डिस्प्ले गेला असेल, क्लस्टर (डॅशबोर्डवरचा आकडे दाखवणारा पूर्ण भाग) बदलावा लागेल' म्हणून ३१ हजारांचं एस्टिमेट हातात दिलं. या सगळ्यात कुणी बंपरखाली वाकून बाहेरचं तापमान मोजणारा सेन्सर पाहिलासुद्धा नाही. माझा राग पैशांपेक्षा यावर जास्त आहे. ज्या गोष्टीबद्दल तक्रार आहे ती गोष्ट निदान डोळ्यांनी पाहावी, एवढीच अपेक्षा होती.

कोराडी रोडचा पत्ता मला आमच्या भागातल्या एका स्कूलव्हॅनवाल्या काकांनी दिला. सकाळी फोन केला तर इलेक्ट्रिशियनने पहिलीच गोष्ट सांगितली ती ही: "ताई, गाडी रात्रभर सावलीत उभी ठेवा, अन् सकाळी चालू न करता मला फोन करा. मीच येतो तिकडे." बंद गाडी बघायला घरी यायचे २०० रुपये वेगळे, हे त्याने फोनवरच स्पष्ट केलं.

तो आला, बॉनेटला हात लावून इंजिन गार असल्याची खात्री केली, स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला आणि इंजिन चालू न करता फक्त चावी फिरवली. स्कॅनरवर त्याने मला तीन आकडे दाखवले: कूलंटचं, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचं, तापमान ३१, इंजिनमध्ये जाणाऱ्या हवेचं ३२, बाहेरच्या हवेचं २१. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत हे तिन्ही आकडे जवळपास सारखे यायला हवेत, कारण सगळी गाडी एकाच हवेत उभी असते. दोन सेन्सर एक बोलतात आणि तिसरा दहा अंश खाली, म्हणजे बिघाड तिसऱ्याच्याच बाजूला. शिवाय स्कॅनरवर २१ आणि डॅशबोर्डवरही २१. डिस्प्ले त्याला मिळालेला आकडा इमानदारीने दाखवत होता. ३१ हजारांचा क्लस्टर तिथल्या तिथे, चहा उकळायच्या आत, बाद झाला.

ही तपासणी कुणालाही घरी करता येईल. त्याच सॉकेटला लागणारा ब्लूटूथवाला छोटा ओबीडी रीडर आणि मोबाइल पुरतो. काही गाड्या बाहेरच्या तापमानाचा आकडा साध्या रीडरला देत नाहीत, तेव्हा डॅशबोर्डवरचा आकडा आणि बाकीचे दोन ताडून बघायचे. फक्त गाडी पूर्ण गार हवी. तासाभरापूर्वी चालवलेली गाडी या परीक्षेला चालत नाही.

मग त्याने मला प्रश्न विचारायला सुरुवात केली, आणि मला वाटतं याच प्रश्नांनी काम केलं. आकडा कधीपासून चुकतो? एकसारखा चुकतो का? पाऊस पडला की? गाडी धुतली की? आकडा सिग्नलला चढतो आणि मोकळ्या रस्त्यावर उतरतो असं मी सांगितलं तेव्हा तो थांबला. "हे तर उलटं होऊन राह्यलं नं, ताई. उभ्या गाडीत आकडा चुकते अन् पळत्या गाडीत बरोबर येते, असं असते. तुमची गाडी उभी राह्यली का बरोबर अन् पळाली का चूक?"

त्याचं म्हणणं समजायला सेन्सर कुठे बसतो हे ठाऊक हवं. बहुतेक गाड्यांत तो समोरच्या बंपरच्या जाळीमागे, रेडिएटर आणि एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या कंडेन्सरच्या पुढे, एका छोट्या क्लिपवर असतो. काही गाड्यांत बाजूच्या आरशाखाली असतो. गाडी धावत असते तेव्हा समोरची ताजी हवा त्याला लागते आणि आकडा खरा येतो. गाडी थांबली की इंजिनाची आणि कंडेन्सरची धग पुढे सरकते, सेन्सर तापतो, आकडा खऱ्यापेक्षा वर जातो. सिग्नलला ४५ चे ४८ झाले तर तो बिघाड नाही, पुढे किलोमीटर-दोन किलोमीटर मोकळ्या रस्त्यावर तो आपोआप खाली येतो. अनेक गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये यावर उपायही असतो: आकडा खाली लगेच येऊ देतात, पण वर चढवताना गाडीचा वेग बघून सावकाश चढवतात. इंजिन गरम असताना पुन्हा चालू केली तर काही गाड्या आधीचाच आकडा धरून ठेवतात. त्यामुळे मॉलच्या गार तळघरातून बाहेर आल्यावर पाच-दहा मिनिटं आकडा कमी दिसला म्हणून कुणी गाडी उघडायला देऊ नये.

माझ्या गाडीत मात्र सगळं उलट, म्हणून त्याने तिथेच सांगितलं, "दोन बिघाड आहेत. एक वर ओढते, एक खाली." आणि गाडी शेडला आणायला लावली.

शेडमध्ये बसायला एक बाक आहे आणि एक कूलर, वाळ्याच्या ताट्या लावलेला. ऊन चढायच्या आत जावं. बंपर पूर्ण न उतरवता त्याने खालचं प्लास्टिकचं कव्हर सोडवलं आणि मला वाकून बघायला बोलावलं. सेन्सर त्याच्या क्लिपवर नव्हताच. काळ्या प्लास्टिकच्या पट्टीने तो कंडेन्सरच्या नळीला बांधून टाकलेला होता. दिवाळीच्या सुमारास एका स्कूटरने समोरून धडक दिली होती, तेव्हा एका डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे बंपर उतरला होता. क्लिप तुटली असणार आणि लोंबकळू नये म्हणून जवळ सापडलेल्या नळीला बांधला असणार. नळी एसी चालू असताना चांगलीच तापते. म्हणून गाडी उभी राहिली की आकडा चढायचा.

खाली कोण ओढत होतं, हे शोधायला त्याने जे केलं ते मी मुद्दाम लिहून ठेवलं.

हा सेन्सर म्हणजे एनटीसी थर्मिस्टर, दोन तारांचा. तापमान वाढलं की त्याचा रोध, म्हणजे वीज अडवण्याचं प्रमाण, कमी होतो, तापमान उतरलं की रोध वाढतो. गाडी फक्त रोध मोजते आणि त्यावरून अंश काढते. माझ्या गाडीच्या सेन्सरचा रोध २५ अंशांना १० किलोओहम. भिंतीवर त्याने एक तक्ता चिकटवलेला आहे, कळकटलेला, पण आकडे वाचता येतात: ० अंशांना साडेबत्तीस, १० ला वीस, २५ ला दहा, ४५ ला साधारण साडेचार. सगळ्या कंपन्यांचे तक्ते असे नसतात, म्हणून आधी गाडीचा तक्ता मिळवायचा आणि मग मीटर लावायचं, हेही त्याने बजावलं.

सेन्सर काढून त्याने पोराला शेजारी पाठवलं. पोरगा रसवंतीतून स्टीलच्या गडव्यात फोडलेला बर्फ घेऊन आला. त्यात थोडं पाणी, चमच्याने ढवळणं, आणि सेन्सर आत. बर्फ आणि पाणी नीट एकजीव असेपर्यंत ते ० अंशांवरच राहतं, बाहेर मे असो की डिसेंबर. त्यामुळे यापेक्षा भरवशाची मोजपट्टी गॅरेजमध्ये सापडत नाही. मीटरचा आकडा चढत गेला आणि साडेबत्तीसच्या आसपास स्थिरावला. अगदी तक्त्याप्रमाणे. सेन्सर ठणठणीत. मी त्या मीटरकडे बघत उभी होते आणि गेल्या महिनाभराची चिडचिड खरंच उतरली, कारण पहिल्यांदा कुणीतरी माझ्यासमोर काहीतरी सिद्ध केलं होतं.

आता वायरिंग. त्याने गाडीकडच्या कनेक्टरमध्ये सेन्सरच्या जागी तारेचा एक छोटा तुकडा घातला, म्हणजे दोन्ही तारा सरळ एकमेकींना जोडल्या. रोध शून्य झाला की गाडीला वाटायला हवं बाहेर प्रचंड उष्णता आहे, स्कॅनरवरचा आकडा १०० च्या वर उडायला हवा. तो ४४ वर येऊन थांबला. सेन्सर नाहीच, रोध शून्य असायला हवा, तरी गाडी ४४ अंश मोजत होती. म्हणजे तारांमध्येच कुठेतरी साडेचार किलोओहमचा रोध फुकटचा बसलेला होता. डॅशबोर्डवरचा आकडा हळू बदलतो म्हणून ही परीक्षा स्कॅनरवर बघायची, हेही कळलं.

त्याने कनेक्टर भिंगाखाली धरला. एका पिनेच्या मुळाशी हिरवट चुरा होता, तांब्याला पाणी लागून येतो तसा. रबराचं छोटं सील नव्हतंच, तेही बंपरच्या कामात पडलं असणार. मग पावसाची ओल किंवा गाडी धुताना प्रेशरचं पाणी, दोन्हीला वाट मोकळी. खड्ड्यात गाडी आदळली की त्या पिनेचा संपर्क क्षणभर पूर्ण तुटायचा. संपर्क तुटला म्हणजे रोध अमर्याद, म्हणजे गाडीच्या हिशेबाने उणे ४०, म्हणजे कंप्रेसर बंद.

मला सगळ्यात जास्त पटलं ते यापुढचं. मी विचारलं, हा चुरा काही एका दिवसात साचला नसेल, मग हिवाळ्यात आकडा इतका कसा चुकला नाही? त्याने तक्त्यावर बोट ठेवून हिशेब मांडला. डिसेंबरच्या पहाटे १२ अंश असताना सेन्सरचा स्वतःचाच रोध अठराच्या वर असतो. त्यात साडेचार मिळाले तर गाडी ८ च्या आसपास दाखवते, आणि नागपुरात ८ अंश कुणाला खोटे वाटत नाहीत. तेच मे महिन्यात सेन्सरचा स्वतःचा रोध पाचच्या खाली. त्यात साडेचार मिळवले की जवळपास दुप्पट, आणि ४२ चे थेट २६. बिघाड तोच, पण उन्हाळ्यात चौपट दिसतो. थंड प्रदेशातल्या लोकांना चार अंशांचा फरक पडतो, आपला एसी बंद पडतो. यूट्यूबवर परदेशी माणसं या बिघाडाला किरकोळ म्हणताना दिसतात, त्याचं कारण हे असावं असं माझं मत.

दुरुस्ती स्वतः साधी. खराब झालेला तारेचा तुकडा आणि कनेक्टर कापून त्याने नवा कनेक्टर तारांसकट लावला, जोड नुसते पिळून टेप न मारता सोल्डर लावून झाळले, वर स्लीव्ह चढवून गरम करून आवळली, पिनांना ग्रीस लावलं, सील नवीन. सेन्सर पुन्हा मूळ जागी, जाळीमागे, नव्या क्लिपवर, नळीपासून लांब. पुन्हा तारेचा तुकडा घालून तपासलं तेव्हा स्कॅनरवरचा आकडा वर उडून गेला. मग सेन्सर जोडला. शेडबाहेर सावलीत टांगलेल्या त्याच्या थर्मामीटरवर ३९, गाडीवर ३९.

मी नवा सेन्सर घेऊ का विचारलं तर त्याने ड्रॉवरमधून एक लोकल सेन्सर काढला आणि तोही बर्फात बुडवून दाखवला. प्लग अगदी तसाच, दिसायला जुळा भाऊ, पण बर्फात सात किलोओहम. तो बसवला असता तर २५ अंशांच्या हवेत गाडीने साठच्या वर आकडा दाखवला असता. बाजारात हे सेन्सर अडीच-तीनशे रुपयांना मिळतात आणि प्लग बसतो म्हणून लोक घेतात. प्लग बसणं पुरेसं नाही, तक्ता जुळला पाहिजे. घाट रोडला स्पेअर पार्ट घ्यायला गेलात तर जुना सेन्सर आणि त्यावरचा पार्ट नंबर सोबत न्या, आणि जमलं तर मीटरही.

बिल ९५०: तपासणी, कनेक्टर, क्लिप, मजुरी सगळं धरून. घरी येण्याचे २०० वेगळे. पक्कं बिल मिळालं नाही, पावतीपुस्तकावर हाताने लिहून दिलं. ज्यांना ऑफिसात किंवा विम्यासाठी जीएसटी बिल लागतं त्यांनी आधी विचारून घ्यावं. यूपीआय चालतं.

तक्रारी आहेत, त्याही लिहिते. फोन एका रिंगमध्ये उचलेल अशी आशा ठेवू नका, हातात काम असलं की तो उचलत नाही आणि परत फोनही करत नाही. सांगितलेल्या वेळेपेक्षा गाडी उशिराच मिळते, कारण मध्येच बंद पडलेल्या रिक्षा आणि स्कूलव्हॅन येतात आणि त्यांचं काम तो आधी करतो. त्यांची रोजी बुडते म्हणून करतो, हे मला मान्य आहे, पण ताटकळावं लागतं ही वस्तुस्थिती आहे. बायकांसाठी स्वच्छतागृहाची सोय नाही. काम करताना बॅटरीची तार काढली होती, त्यामुळे घड्याळ आणि काचेचं एका दाबात वर जाणं पुन्हा सेट करावं लागलं. काच पूर्ण वर गेल्यावर बटण काही सेकंद ओढून धरलं की ते परत येतं. त्याने हे आधी सांगायला हवं होतं. आणि ज्यांच्या गाडीची वॉरंटी चालू आहे त्यांनी तार कापायचं काम इथे करू नये. तपासणी करून घ्यावी, निष्कर्ष कागदावर लिहून घ्यावा आणि तो कागद घेऊन सर्व्हिस सेंटरला जावं.

दुरुस्तीनंतर काय दिसतं तेही सांगते, कारण दुरुस्त झालेला आकडाही पेपरातल्या आकड्याशी जुळत नाही आणि लोक पुन्हा घाबरतात. हवामान खात्याचं तापमान सोनेगावच्या वेधशाळेत, जाळीदार झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत, जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंचीवर मोजतात. आपला सेन्सर डांबरापासून हातभर उंचीवर, समोरच्या गाडीच्या धगीत. पेपरात ४३ आणि वर्धा रोडला गाडीत ४५ असेल तर दोन्ही बरोबर आहेत. सिव्हिल लाइन्सच्या झाडांखाली शिरलं की आकडा उतरतो, सेमिनरी हिल्सला पहाटे आणखी उतरतो, आणि आता हे उतरणं-चढणं डॅशबोर्डवर स्वच्छ दिसतं. मला याचा धंद्यात उपयोग होतो. कोणत्या रस्त्याने आणि किती वाजता केक न्यायचा, हे मी आता त्या आकड्यावर ठरवते.

आकडा चुकणं फक्त गाडीतच होतं असंही नाही. ३० मे २०२४ ला रामदासपेठेतल्या कृषी विद्यापीठाच्या शेतातल्या स्वयंचलित हवामान केंद्रावर ५६ अंश नोंदले गेले होते आणि देशभर बातमी झाली होती. नंतर हवामान खात्याने तो सेन्सरचा बिघाड असल्याचं स्पष्ट केलं. आसपासच्या इतर काही केंद्रांवर त्याच दिवशी ४४ च्या आसपास होतं. नागपूरचा खरा उच्चांक ४७.९, २३ मे २०१३ चा. अशा आकड्याची शंका येते ती शेजारच्या केंद्रांशी ताडून पाहिल्यावर, आणि माझ्या गाडीतही कूलंट आणि आत जाणाऱ्या हवेच्या आकड्यांशी ताडूनच पकडला गेला. म्हणून गाडीचा आकडा ४८-४९ च्या वर स्थिर दिसला, तेही धावत्या गाडीत, तर सेन्सरच्या जागेकडे आधी बघा. कायम खूप कमी दिसला तर कनेक्टरकडे. उणे ४० किंवा नुसत्या दोन रेघा दिसल्या तर तार तुटली आहे किंवा प्लग निघाला आहे. अलीकडे बंपर उतरवला असेल तर सर्वात आधी तिथेच वाका.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा तारा फोन न उचलण्याचा आणि काचेबद्दल न सांगण्याचा कापला. पैसे, काम आणि बोलणं, तिन्हीला पूर्ण गुण. विशेषतः बोलण्याला: बाईमाणूस आली आहे म्हणून त्याने मला एकदाही टाळलं नाही, प्रत्येक वेळी मीटर माझ्याकडे वळवून आकडा वाचायला लावला.

जायचं असेल तर सकाळी नऊच्या आधी पोचा, त्यानंतर शेडसमोर गाडी लावायला जागा नसते. मानकापूरकडून जाताना रसवंती डाव्या हाताला लागते, तिच्या पुढचंच शेड. आरशाखाली सेन्सर असलेली गाडी असेल तर आधी फोनवर सांगा. आरशाची काच काढावी लागते, त्याचे तो वेगळे पैसे घेतो आणि जुनी काच तडकण्याची जोखीम आधीच सांगतो. बुधवारी शेड बंद असतं.